साहेब काय म्हणाले?

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की ऑफिसात कानावर पडलेला आणि डोक्यावरून गेलेला एखादा शब्द असेल तर कळवा, तर महिनाभरात इतकी पत्रं आणि मेल आलेत की संपादक म्हणतायत काका आता पुरे. निम्म्या लोकांनी कंपनीचं नाव, साहेबांचं नाव, केबिन कितव्या मजल्यावर ते सुद्धा लिहिलंय, ती नावं मी काढून टाकलीत, उगाच कुणाची नोकरी जायला नको. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी २६ वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात पर्सोनेलला होतो आणि नंतर ९ वर्षं हिंजवडीला एका आयटी कंपनीत एचआरला. काम तेच, हजेरी पगार रजा आणि भांडणं, फक्त दारावरची पाटी बदलली आणि माणसांना 'रिसोर्स' म्हणायची सवय लावून घ्यावी लागली. ती काही शेवटपर्यंत लागली नाही.

प्रश्न : काका, मी बार्शीचा. फेब्रुवारीत हिंजवडीला जॉइन झालो. कोडिंगची भीती नाही, मीटिंगची आहे. परवा लीड म्हणाली 'डेक ईओडीपर्यंत शेअर कर'. डेक म्हणजे पीपीटी हे शेजारच्याला विचारून कळलं. मग सहाच्या बसच्या आत पाठवायचं म्हणून घाईघाईत अर्धकच्चं पाठवलं, दोन आकडे चुकले, बोलणी खाल्ली, आणि नंतर कळलं की क्लायंट न्यूयॉर्कचा आणि ईओडी त्यांचा होता. आता प्रत्येक शब्दाला म्हणजे काय म्हणजे काय विचारत बसलो तर लोक हसतील ना?
– नवा गडी, वाकड

उत्तर : अरे, यात तुझी चूक अर्धीच. 'एंड ऑफ डे' म्हणणाऱ्याने कुणाचा डे ते सांगायला नको का? सध्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे तिथे संध्याकाळचे ६ वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन, आणि हिवाळ्यात त्यांची घड्याळं बदलली की साडेचार. तू धावत बस पकडत होतास तेव्हा तो क्लायंट सकाळची पहिली कॉफी घेऊन बसला होता. अख्खी रात्र होती तुझ्याकडे. म्हणून ईओडी ऐकलं की एकच विचारायचं, 'आपल्या घड्याळात किती वाजता?' यात अडाणीपणा कुठेच दिसत नाही, उलट पोरगा नीट काम करतो असं वाटतं.

फसवे शब्द अजून आहेत. 'बाय-वीकली' म्हणजे आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा हे इंग्रजांनाही पक्कं माहीत नाही, डिक्शनरीत दोन्ही अर्थ दिलेत. 'टेबल करू' याचा अर्थ लंडनच्या माणसासाठी विषय चर्चेला घेऊ असा होतो आणि अमेरिकन माणसासाठी विषय बाजूला ठेवू असा, त्यामुळे दोघं एकाच कॉलवर असले की अर्धे लोक कागद उघडतात आणि अर्धे आवराआवर करतात. आणि आपण ज्याला 'प्रीपोन' म्हणतो तो शब्द आपल्याकडचा, अमेरिकन क्लायंटला लिहिलास तर तो दोनदा वाचेल.

बाकीचे शब्द फारसे अवघड नाहीत. 'सर्कल बॅक करतो' म्हणजे आत्ता उत्तर नाहीये. 'ऑफलाइन घेऊ' म्हणजे चारचौघांत नको. 'बँडविड्थ आहे का' हा रेडिओ आणि टेलिफोनवाल्यांकडून उचललेला शब्द, अर्थ एवढाच की हातात वेळ आहे का, आणि 'आहे' असं म्हणणाऱ्याच्या गळ्यात काम पडतं हे आता तुला कळलंच असेल. 'पार्किंग लॉटमध्ये टाकू' म्हणजे मुद्दा नंतर घेऊ. पण ते लक्ष्मी रोडला गाडी लावल्यासारखं असतं, परत येईपर्यंत उचलून नेलेली असते. डेकचं म्हणशील तर पत्त्यांच्या कॅटसारखी स्लाइडची चळत, म्हणून डेक.

आणि डेडलाइन. हा शब्द इतका रोजचा झालाय की कुणी थांबत नाही, पण तो आला अमेरिकेच्या यादवी युद्धातून. १८६४ च्या सुमारास जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या छावणीत कैद्यांसाठी कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती, ती ओलांडली की पहारेकरी सरळ गोळी घालायचे. त्या हद्दीला डेडलाइन म्हणायचे. तुझे तर दोन आकडेच चुकलेत.

प्रश्न : नमस्कार. मुलाला कॅम्पसमधून ६ लाखाचं पॅकेज मिळालं. आम्ही बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. ह्यांनी कॅलेंडरच्या मागे भागाकार करून महिन्याचे ५० हजार लिहून ठेवले आणि गाडीच्या हप्त्याचं पण ठरवून टाकलं. पहिला पगार आला ३७ हजार. हे म्हणतात कंपनीने फसवलं, आणि मला मेलीला मनात येतं की मुलगा काही लपवत तर नाही ना. कुणाला विचारायचं?
– एक आई, धनकवडी

उत्तर : ताई, आधी मुलावरचा संशय काढून टाका, तो खरं बोलतोय. कंपनीही कायद्याच्या भाषेत खोटं बोललेली नाही. गोम आहे ती सीटीसी या तीन अक्षरांत. कॉस्ट टू कंपनी. म्हणजे तुमचा मुलगा कंपनीला वर्षाला केवढ्याला पडतो तो आकडा. त्याच्या हातात काय पडतं हा आकडा वेगळा आणि तो पत्रावर मोठ्या अक्षरात कुणीच छापत नाही.

कॅलेंडरच्या त्याच पानावर आता असं लिहा. ६ लाखात बेसिक निम्मं धरू, ३ लाख, म्हणजे महिना २५ हजार. त्यावर कंपनी १२ टक्के पीएफ भरते, वर्षाचे ३६ हजार, ते सीटीसीत धरलेले असतात. मग ग्रॅच्युइटी, बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे १४,४३०. हा ४.८१ आकडा कुठून आला असं मला कित्येकांनी विचारलंय, तर वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिन्याचे कामाचे दिवस २६ धरून, म्हणून १५ भागिले २६ आणि परत भागिले १२, करून बघा बरोबर येतं. मग 'व्हेरिएबल' १० टक्के, ६० हजार, जो तिमाहीला किंवा वर्षाअखेर मिळतो आणि पूर्ण मिळेलच असं नाही. मेडिक्लेमचा हप्ता ६ हजार धरा. हे सगळं वजा केलं की राहतात ४,८३,५७०, भागिले १२ म्हणजे ४०,२९७. त्यातून मुलाचा स्वतःचा पीएफ ३ हजार कापला जाणार, प्रोफेशनल टॅक्स २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. उरले साधारण ३७,१००. इन्कम टॅक्स एवढ्या उत्पन्नावर नवीन पद्धतीत सध्या लागत नाही.

यातला पीएफ कुठे जात नाही, दोन्हीकडचा मिळून महिना ६ हजार त्याच्याच नावावर साठतोय, कंपनीच्या वाट्यातले साडेबाराशेपर्यंत पेन्शन खात्याला जातात एवढंच. मला खरा राग येतो तो ग्रॅच्युइटीचा. कायम नोकरीत ती मिळते साधारण ५ वर्षं पूर्ण झाल्यावर, आणि आजकालची मुलं दोन वर्षांत कंपनी बदलतात, म्हणजे जे पैसे बहुतेकांना मिळणारच नाहीत ते दाखवून पॅकेज फुगवायचं. मी स्वतः अशी पत्रं छापलीत, तेव्हा मलाही त्यात काही वाटायचं नाही. मुलाला सांगा पुढच्या इंटरव्ह्यूला पॅकेज विचारू नकोस, 'इन-हँड फिक्स्ड किती' असं विचार. आणि ह्यांना सांगा गाडी पुढच्या दसऱ्याला.

प्रश्न : सिनर्जी म्हणजे नक्की काय हो?
– एरंडवणे

उत्तर : दोन डिपार्टमेंट एक करायची आणि एक मॅनेजर घरी पाठवायचा.

प्रश्न : सर, मी चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत सुपरवायझर आहे. आमच्याकडे भिंतभर जपानी शब्द लावलेत. फाइव्ह एस, कायझेन, कानबान, पोका-योके, गेम्बा. दर महिन्याला ऑडिट येतं, त्याच्या आदल्या दिवशी रंग मारतो आणि ऑडिट गेलं की परत जैसे थे. पोरं कायझेनला 'काय झेंडा' म्हणतात. मला मनातून पटतच नाही पण रोज त्यांना शिकवावं लागतं. हे सगळं फक्त फॅड आहे का?
– शॉप फ्लोअरवाला

उत्तर : नाही. आणि या प्रश्नाला मी जरा लांबच उत्तर देणार, संपादकांनी कात्री लावू नये.

आयटीतले बरेचसे शब्द कॉन्फरन्स रूममध्ये जन्मले, तुमचे शब्द जन्मले मशीनच्या शेजारी. तो फरक आहे. पोका-योकेचंच घ्या. पोका म्हणजे नकळत झालेली चूक, योके म्हणजे ती टाळणं. शिगेओ शिंगो नावाच्या जपानी इंजिनिअरने ही पद्धत नावारूपाला आणली. आधी याचं नाव होतं बाका-योके, आणि बाका म्हणजे मूर्ख, म्हणजे मूर्खानेही चुकवू नये अशी सोय. १९६० च्या दशकात एका कारखान्यात हे नाव ऐकून तिथली एक कामगार बाई दुखावली, मी मूर्ख आहे का म्हणाली, आणि शिंगोंनी नावच बदललं. एका बाईच्या डोळ्यात पाणी आलं म्हणून बदललेला मॅनेजमेंटचा शब्द मला तरी दुसरा माहीत नाही. तुमच्या पोरांना शब्दार्थ नका सांगू, ही गोष्ट सांगा. आणि उदाहरणं घरातली द्या. सिमकार्डचा एक कोपरा कापलेला असतो, उलटं बसतच नाही. आतून लागणाऱ्या झाकणाचा कुकर, वाफ असेपर्यंत उघडणारच नाही कितीही घाई असू दे. थ्री पिनचा वरचा जाड पाय. हे सगळं पोका-योके, चूक करायची म्हटलं तरी करता येत नाही.

कानबान म्हणजे पाटी किंवा कार्ड. टोयोटाच्या ताइइची ओनोंना ही कल्पना अमेरिकेतल्या सुपरमार्केटच्या पद्धतीवरून सुचली, गिऱ्हाईक फळीवरून जेवढं उचलतं तेवढंच मागून भरायचं. आपल्या घरात दोन गॅस सिलिंडर असतात, एक संपला की दुसरा जोडायचा आणि त्याच क्षणी नंबर लावायचा, रिकामा सिलिंडर हेच तुमचं कानबान कार्ड. ही गोष्ट तुमच्या आईला कुणी जपानमधून येऊन शिकवली नव्हती. फाइव्ह एसचं तसंच. पहिले तीन एस म्हणजे नको ते काढणं, हवं ते जागेवर लावणं आणि पुसूनपासून लख्ख करणं, हे आपण दर दिवाळीच्या आधी माळ्यावर चढून करतोच. चौथा म्हणजे त्याची कायमची पद्धत लावणं आणि पाचवा ती पाळायची शिस्त, आणि हे दोन आपण करत नाही म्हणून पुढच्या दिवाळीला परत माळ्यावर चढावं लागतं. तुमचं आदल्या दिवशी रंग मारणं म्हणजे तेच.

आमच्या भोसरीच्या कारखान्यात टूल रूमच्या भिंतीवर एक शॅडो बोर्ड होता, म्हणजे प्रत्येक पान्याची हुबेहूब आकृती बोर्डवर रंगवलेली आणि तिच्यावर तोच पाना टांगायचा, काय गायब आहे ते लांबून दिसतं. त्यावरची १७-१९ च्या पान्याची जागा कायम रिकामी. पाहुणे आले की बोर्ड दाखवायचे आणि मी त्या रिकाम्या आकृतीपुढे उभा राहायचो म्हणजे ती झाकली जाईल. दोन वर्षांनी पाना सापडला, फोरमनच्याच ड्रॉवरमध्ये. तो म्हणाला बोर्डवर लावला की कुणीतरी नेतं म्हणून जपून ठेवलाय! आणि त्याचं खोटं नव्हतं, कारण ३० माणसांत तो पाना एकच होता आणि दुसरा घ्यायची मागणी आमच्याच वरच्या ऑफिसात पडून होती. मला तेव्हा कळलं की बोर्डने त्याचं काम चोख केलं होतं, रोज ओरडून सांगत होता की इथे पाना कमी आहे. आम्हीच त्याच्यापुढे उभे होतो.

आता गेम्बा. म्हणजे जिथे काम होतं ती प्रत्यक्ष जागा. तुमचे साहेब गेम्बा वॉकला येतात तेव्हा काय करतात ते बघा. फोटो काढून जातात की एखाद्या ऑपरेटरजवळ थांबून ऐकतात? टोयोटाच्या लाइनवर दोरी असते, काही बिघडलं असं दिसलं तर साधा कामगार ती ओढतो आणि वेळ पडली तर लाइन थांबते. तुमच्याकडे तुमच्या पोराने लाइन थांबवली तर त्याला चहा मिळतो का मेमो, तेवढं मला कळवा, तुमच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर त्यात आहे. आणि कायझेन म्हणजे सतत थोडी थोडी सुधारणा, पण 'काय झेंडा' चांगलं आहे, राहू दे.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाने सिक्स सिग्माचा ग्रीन बेल्ट केला. आजी सगळ्यांना सांगते नातू कराटे शिकला. तिला काय सांगू?
– पिंपळे सौदागर

उत्तर : आजी अगदीच चुकीची नाही, बेल्टची नावं कराटे-ज्युदोवरूनच घेतलीत. सिक्स सिग्मा सुरू केलं मोटोरोलाने १९८६ मध्ये, अर्थ असा की १० लाख संधींमध्ये चुका ३.४ पेक्षा जास्त नकोत. आजीला सांगा १० लाख मोदक वळले तर जास्तीत जास्त साडेतीन फुटायचे. ती म्हणेल माझा एकही फुटत नाही.

प्रश्न : काका, वर्षभर राबले. दोन रिलीज शनिवार-रविवारी केले, एक पोरगी सोडून गेली तिचं कामही ओढलं. अप्रेझलला मॅनेजर म्हणाला 'यू आर अ स्ट्राँग परफॉर्मर, पण नॉर्मलायझेशनमध्ये तुझं रेटिंग टिकलं नाही, बेल कर्व्ह आहे ना', आणि पुढच्या वर्षी व्हिजिबिलिटीवर काम कर म्हणे. मी आमच्या ८ जणांच्या टीमला दिसत नाही का?
– खराडी

उत्तर : दिसतेस गं, पण ज्या खोलीत रेटिंग ठरतं त्या खोलीतल्या लोकांना दिसत नाहीस. व्हिजिबिलिटीचा अर्थ एवढाच. तिथे तुझा मॅनेजर तुझ्यासाठी भांडला नाही किंवा भांडून हरला, आणि हे तुला सांगायची लाज वाटते म्हणून मधे बेल कर्व्ह आणला.

नॉर्मलायझेशन म्हणजे सगळ्यांची रेटिंग्ज या बेल कर्व्हमध्ये बसवणं. हा बेल कर्व्ह मूळचा गणितातला, घंटेच्या आकाराचा, पुष्कळ माणसांची उंची मोजली की बहुतेक मधे येतात आणि थोडे दोन्ही टोकांना. पुष्कळ माणसं हा शब्द महत्त्वाचा. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांनी वरचे २०, मधले ७० आणि खालचे १० टक्के अशी वाटणी लावली आणि खालच्या १० टक्क्यांना नारळ द्यायचे, तिथून हे फॅशनमध्ये आलं. आता तुझ्या ८ जणांच्या टीममध्ये १० टक्के म्हणजे पाऊण माणूस. पाऊण माणूस कसा काढणार? मग कुणाचा तरी बळी द्यावा लागतो आणि बहुतेक वेळा जी मुलगी मुकाट काम करते तीच सापडते, कारण ती भांडायला येणार नाही याची खात्री असते. मी त्या खोलीत बसलोय, चार वाजता चहा येईपर्यंत सगळे तत्त्वाने भांडतात आणि चहानंतर 'तू माझा एक घे मी तुझा एक घेतो' चालतं, अगदी भाजीबाजार. मायक्रोसॉफ्टने अशी उतरंड लावायची पद्धत २०१३ मध्ये बंद केली. आपल्याकडे नाव बदलून चालू ठेवणारे भरपूर आहेत.

तू एवढं कर. या वर्षीचे केआरए, म्हणजे तुझ्याकडून कोणकोणत्या कामांची अपेक्षा आहे ती यादी, ठरले असतील तर ते तुझ्या शब्दांत मेल करून मॅनेजरकडून 'हो' घे. जे जास्तीचं काम गळ्यात पडेल, सोडून गेलेल्या पोरीचं पडलं तसं, त्या दिवशी दोन ओळींचा मेल, हे मी घेतेय आणि त्यामुळे अमुक मागे जाईल. गोड शब्दांत. आणि 'पीआयपी', परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन, हा शब्द कधी कानावर आला तर त्यात इम्प्रूव्हमेंट शब्द आहे म्हणून खूश होऊ नकोस, त्या रात्रीच बायोडेटा काढ.

प्रश्न : काका, हे माझ्या नवऱ्याबद्दल आहे. १४ वर्षं आयटीत. डिसेंबरपासून बेंचवर. रोज सकाळी डबा घेऊन ऑफिसला जातो आणि सातला येतो, सासूबाईंना काही माहीत नाही. मागच्या सोमवारी एचआरने बोलावलं, कंपनी 'राइटसाइझिंग' करतेय, आपण 'म्युच्युअली पार्ट वेज' करू म्हणाले, आणि तिथेच बसून राजीनाम्याचा मेल टाका असं सांगितलं. त्याने दोन दिवस मागून घेतले. घराचा हप्ता ४१ हजार आहे. काय करायचं?
– वाकड

उत्तर : ताई, दोन दिवस मागितले हे फार शहाणपणाचं केलं. तुम्हाला पत्राने लगेच कळवलं आहेच, इथे छापतोय ते बाकीच्यांसाठी.

बेंच म्हणजे खेळाडूंचा बाक. क्लायंट ज्याचे पैसे देतो तो 'बिलेबल', बाकीचे बाकावर. एकेकाळी बाकावर माणसं असणं ही कंपनीची ताकद समजायचे, क्लायंटने रात्री मागितला तर सकाळी माणूस हजर. आता बाकावर बसलेला म्हणजे खर्च. तुमच्या नवऱ्याची त्यात काही चूक नाही, प्रोजेक्ट संपला एवढंच झालंय, आणि हे त्याला घरच्या कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं.

राइटसाइझिंग, रॅशनलायझेशन, रॅम्प डाऊन, हे शब्द नीट ऐका, यात कर्ता नाही. सरकारी पत्रात 'कारवाई करण्यात येत आहे' असतं तसंच. कोण काढतंय हे कुठेच येत नाही. 'म्युच्युअली' तर कमालच आहे, दोघांच्या संमतीने म्हणे. आपला जुना शब्द बघा, राजीनामा. राजी अधिक नामा, राजीखुशीने लिहून दिलेला कागद. तो मेल एकदा गेला की कागदोपत्री तुमचा नवरा स्वतः सोडून गेला, मग नोटीसचा पगार, भरपाई, पुढे कुठे दाद मागणं, सगळंच अवघड होऊन बसतं. म्हणून त्या खोलीत बसून काही लिहून द्यायचं नाही. त्यांना सांगायचं की तुमचा प्रस्ताव लेखी द्या. त्यात शेवटचा दिवस कोणता, नोटीस पिरियडचे पैसे, शिल्लक रजेचे पैसे, ग्रॅच्युइटी (या कंपनीत ५ वर्षं झाली असतील तर ती मिळायलाच हवी), मेडिक्लेम कधीपर्यंत, रिलीव्हिंग लेटर कधी, सगळं तारखेसकट. तो कागद घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाकडे जायचं. कायद्याचं कोणतं संरक्षण लागू होतं ते पदाच्या नावावर ठरत नाही, प्रत्यक्ष काम काय करतो त्यावर ठरतं, त्यामुळे 'तुम्ही मॅनेजर आहात, तुम्हाला काही लागू नाही' असं कुणी तोंडी म्हणालं तर तिथेच मान डोलवायची नाही. पुण्यात कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे चौकशी करायला पैसे लागत नाहीत.

हे सांगताना मला बरं वाटत नाही कारण टेबलाच्या त्या बाजूला मी बसलेलो आहे. मीटिंगच्या आधी टेबलावर पाण्याची बाटली आणि टिश्यूचा डबा ठेवायची आम्हाला सूचना असायची. एक गृहस्थ होते, माझ्याच वयाचे, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मेल टाकला, आणि जाताना तो टिश्यूचा डबा सरळ करून ठेवला, तो जरा तिरका झाला होता. त्यांचं नाव मला अजून आठवतं, बाकी त्या वर्षीचं काहीच आठवत नाही.

सासूबाईंना सांगून टाका. रोजचा तो डबा फार जड होतो.

प्रश्न : महोदय, आपले सदर वाचून खेद होतो. मराठी भाषा समृद्ध असताना आपण या इंग्रजी कचऱ्याचे अर्थ सांगत बसता. मी ३४ वर्षे अध्यापन केले, तुटपुंज्या पगारात केले, एक दिवस विनाकारण रजा घेतली नाही, आणि दप्तरी कामकाजही शुद्ध मराठीत केले. आपणही शुद्ध प्रतिशब्द सुचवावेत.
– एक निवृत्त शिक्षक, सदाशिव पेठ

उत्तर : सर, साष्टांग नमस्कार. रागावू नका, पण आपल्या पत्रातला पगार पोर्तुगीज आहे, रजा अरबी, दप्तर फारसी. आपल्या कारकून, हजेरी, तारीख, बडतर्फ, सगळ्यांची आडनावं तिकडचीच. हे शब्दही एकेकाळी साहेबांचे जार्गनच होते, गावातल्या माणसाला 'तैनात' आणि 'रुजू' ऐकून बार्शीच्या त्या पोरासारखाच घाम फुटत असणार.

आपण म्हणता तो प्रयोग आपल्याकडे सगळ्यात मोठ्या माणसाने करून बघितलाय. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द. पेशव्याला मुख्य प्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव, डबीराला सुमंत, सरनौबताला सेनापती. त्यातला सचिव आज मंत्रालयात बसलाय, सेनापती तर कायमचाच झाला. पण पुढे याच पुण्यात शनिवारवाड्यातून कारभार चालला तेव्हा लोक मुख्य प्रधान नाही म्हणाले, पेशवेच म्हणाले. आणि आपल्याच पेठेत दारावरच्या पाट्या बघा, मुजुमदार, चिटणीस, फडणीस. म्हणजे काही रुजलं काही नाही, आणि हे हुकमावरही ठरलं नाही.

आता मला विचाराल तर मी 'स्टेकहोल्डर'ला 'हितसंबंधी' म्हणून कुणाला त्रास देणार नाही. पण आपल्याकडे असलेले शब्द आपणच टाकून दिले याचं वाईट मला पण वाटतं. ताळेबंद, बॅलन्स शीटपेक्षा किती ठसठशीत आहे. आढावा आहे, मुदत आहे, उचल आहे, येणे-देणे आहे. 'लेट्स अलाइन ऑन धिस' ला आमचा जुना फोरमन म्हणायचा, 'एकदा बसून घेऊ.' आणि स्पष्ट बोलायचं म्हटलं तर आपल्या पेठेतल्या पाटीचा हात कोण धरणार, 'दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये'. कोणी, काय, किती वाजता, सगळं आलं. हिंजवडीत याचं 'आमच्या कस्टमर एंगेजमेंट विंडोज आम्ही ऑप्टिमाइझ करत आहोत' असं झालं असतं आणि लोक दोन वाजता बेल वाजवत बसले असते.

प्रश्न : येत्या शनिवारी पहाटे साडेपाचला सिंहगड. मेलमध्ये लिहिलंय 'टीम बॉन्डिंग, ऑप्शनल बट हायली एन्करेज्ड'. जावंच लागेल का? आठवड्यातून एकच दिवस झोप मिळते.
– विमाननगर

उत्तर : जावं लागेल. 'हायली' आलं की 'ऑप्शनल' गेलं. आतकरवाडीपासून चढणार असाल तर पाणी सोबत घ्या, मे महिना आहे, आठनंतर ऊन भाजतं. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही साहेबांकडून वसूल करा, एक्स्पेन्समध्ये बसतं. आणि वाटेत कुणी लो हँगिंग फ्रूटबद्दल, म्हणजे सहज हाती लागणाऱ्या कामाबद्दल, बोलायला लागलंच, तर डाव्या-उजव्या हाताला करवंदाच्या जाळ्या आहेत, त्या दाखवा, आणि काट्यांचं पण सांगा.